सरांच्या गाडीचं हेड

माझे वडील मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी गेले. गाडीचं इंजिन तेव्हा अंगणात पोत्यावर उघडून ठेवलेलं होतं.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... नव्हता, असं लिहायला अजून हात धजत नाही. आमचं घर बौद्ध. वडील कारंज्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे सगळ्या गावाचे ते ‘सर’. माझ्यामागे पिंड नको, कावळा नको, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा बजावलं होतं की आई म्हणायची, यांना मरणापेक्षा कावळ्याचीच धास्ती जास्त. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जे पुस्तकात सापडत नाही ते अजून कुणी नीट लिहिलेलं नाही, एवढीच माझी श्रद्धा. तरीही जे घडलं ते घडलं. जसं घडलं तसं सांगते.

गाडी म्हणजे गोल पाठीची, मागे इंजिन असलेली जुनी जर्मन गाडी. गावात तिला सगळे कासव म्हणतात. इंजिन एअर-कूल्ड — रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं. वडिलांनी ती याच गुणावर घेतली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसांच्या पाण्याची पंचाईत, त्यात गाडीला कुठून पाजणार!

ती सांभाळायचे देवीदासकाका, एसटी स्टँडमागचे मिस्त्री. वडिलांचे तीस वर्षांचे मित्र आणि तीस वर्षांचे विरोधक. वाद एकच. या इंजिनाला दोन बाजूंना दोन-दोन सिलिंडर, आणि प्रत्येक जोडीवर एक हेड, म्हणजे तोंडावरचं धातूचं टोपण. आमच्या गाडीची हेडं जुन्या पद्धतीची, सिंगल पोर्ट — पेट्रोल आणि हवा आत जायला दोन सिलिंडरांत मिळून एकच वाट. पुढच्या मॉडेलांत ड्युअल पोर्ट आलं — ज्याची त्याची वेगळी वाट, आणि वर मोठा कार्बोरेटर. काकांनी तसली हेडं आणि तसला कार्बोरेटर नागपूरच्या भंगारातून आणून वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवला होता. त्यांचं म्हणणं, घरात भाऊ दोन अन् दरवाजा एक, मग श्वास कोंडणारच. वडिलांचं म्हणणं, एका दरवाजातून येणारे भाऊ रोज एकमेकांचं तोंड तरी पाहतात. शिवाय छोट्या कार्बोरेटरवर गाडी हळू चालते पण चढाला दमत नाही, आणि मला काय विमान उडवायचंय?

मार्चमध्ये इंजिनाचं काम काढलं तेव्हा वडिलांनी आईला शब्द दिला होता की काम झालं की मानोऱ्याला, मावशीकडे. मावशीचे गुडघे गेलेले, ती वडिलांच्या मयतीलाही येऊ शकली नाही. आणि आई म्हणाली, जाईन तर त्याच गाडीत. एसटी नको, भाच्याची कार नको. दीड महिना दोघी बहिणी फोनवर एकमेकींना ‘जेवली का’ एवढंच विचारत राहिल्या. आई त्या मंगळवारपासून रडलेली नव्हती. मावशी भेटल्याशिवाय ती रडणार नाही, हे मला कळत होतं.

म्हणून मी काकांना म्हटलं, इंजिन जोडा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी येऊन सांगितलं की जुन्या दोन्ही हेडांना दोन व्हॉल्व्हांच्या मधोमध तडा गेलाय, आता ड्युअल पोर्टच बसवावं लागेल. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता तुळशीवृंदावन नसलेल्या आमच्या अंगणात तुळस शोधत असल्यासारखे इकडेतिकडे पाहत होते. पण मला त्यातलं काय कळणार... मी मान हलवली. चार दिवसांत इंजिन गाडीत चढलं.

गाडी सुरू झाली नाही.

स्पार्क होता. पेट्रोल येत होतं. टायमिंग तीनदा पाहून झालं. मोठा कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून, परत बसवला. मॅनिफोल्डचे रबरी जोड नवे घातले. बॅटरी बदलली. मी चावी फिरवायची, इंजिन मागे गरगर फिरायचं, आणि साधी शिंकसुद्धा नाही. असे तीन दिवस. रोज सकाळी आई चांगलं पातळ नेसून, मावशीसाठी डबा घेऊन ओट्यावर बसायची. रोज दुपारी तो डबा आम्ही तिघं खायचो.

चौथ्या दिवशी काका हात पुसत गाडीच्या खिडकीशी आले.

“माय, कावळा नाई शिवला तं आमच्यात कबूल करतात. मांगं जे राह्यलं ते करतो म्हून सांगतात. मंग शिवते.”

“आमच्यात नाही करत, काका.”

“तुमच्यात नसन करत. गाडी कोनाच्यातली हाये?”



वडिलांनी माफ करावं... मी स्टिअरिंगकडे बघून बोलले. गाडी विकणार नाही, म्हणाले. गरगर. आईला एकटं ठेवणार नाही. गरगर. ओट्यावरून आईने आपण होऊन बीपीची गोळी रोज घेण्याचं कबूल केलं. त्यावरही गरगर. मग ती शांतपणे म्हणाली, “ते आपल्यावर नाई रुसले. भाऊ, तुमी बोला.”

काका मागे, इंजिनाच्या झाकणावर हात टेकून उभे होते. मी आरशातून पाहत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“सर, हेडं चांगले होते. तडा नव्हता. मी खोटं बोललो. तुमी असते तं बसवू देल्लं नसतं. एक डाव पाह्याचं होतं मले. तुमचे हेडं दुकानात पुसून ठेवले हायेत. मानोऱ्याहून आल्याबरोबर लावतो. वहिनीले जाऊ द्या.”

मी चावी फिरवली. पुरती फिरवायच्या आधीच गाडी सुरू झाली.

आई हसली. “तीस वर्सं भांडले, अन् हारले ते मानूस गेल्यावर,” ती काकांना म्हणाली, आणि डबा घेऊन पुढच्या सीटवर बसली. काका मागे बसले.

मानोऱ्याला मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती. दोघी किती वेळ रडल्या ते मी पाहिलं नाही, मी आत जाऊन पाणी शोधत बसले. काका बाहेर गाडीपाशीच. इंजिन बंद करायची त्यांची छाती झाली नाही, ते अर्धा तास तसंच चालू होतं. गल्लीतल्या लोकांना वाटलं, पाहुणे फार घाईत आहेत.

मी कारण शोधलं. काकांच्या हाताच्या दाबाने आतला एखादा जोड नीट बसला असेल, म्हणावं, तर हात काढल्यावरही इंजिन तसंच चालत राहिलं. ग्रंथालयातली मोटारींवरची दोन्ही पुस्तकं वाचली. वडील म्हणायचे, पुन्हा करून पाहता येतं तोच प्रयोग. म्हणून मी काकांना विनंती केली की एकदा तसंच सगळं परत करून पाहू.

“त्याच्यासाठी आधी खोटं बोला लागन, माय,” ते म्हणाले. “माह्याच्यानं नाई होत आता.”

तेव्हा स्पष्टीकरण नाही. कुणाला माहीत असेल तर कळवावं, फक्त कावळ्याचं सांगू नये.

गाडीला जुनी हेडं आणि छोटा कार्बोरेटर आहे. आई महिन्यातून दोनदा मानोऱ्याला जाते. काका संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतात. त्यांच्याशी वाद घालायला घरात कुणी नाही.