जिन्याच्या दारातला वारा

आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या दारावर वाऱ्याचा पडदा बसवलाय. धूर आला की वरून झोत सुटतो आणि धुराला जिन्यात शिरू देत नाही. मी शहाणा, खात्री करायला पेटतं धुपाटणं घेऊन गेलो. सगळा धूर माझ्याच तोंडावर उलटला. पलीकडे जिन्यात शेजारच्या काकू मोकळा श्वास घेत हसल्या, "अहो भाऊजी, स्वतःलाच धुरी देताय?"

आग लागली तर लिफ्ट बंद. दुखऱ्या गुडघ्यांच्या काकूंना हा जिनाच वाचवणार. पण पडदा कुणाच्या फोडणीनंही घोंघावतो, म्हणून सेक्रेटरींना तो कायमचा बंद करायचाय.

डोळ्यांना न दिसणारा वारा धुरापुढे छाती काढून उभा राहतो. मी तर चांगला ढेरपोट्या, लांबून दिसणारा माणूस. पडद्याच्या बटणासमोर खुर्ची टाकून बसलोय. या म्हणावं बंद करायला!