पाहुणे झोपले होते

लालासाहेबाच्या हातात गेटाची किल्ली दिली की त्याच्या अंगात वारं शिरतं. फौजेत हवालदार होता, त्यातली निम्मी नोकरी कुठल्या ना कुठल्या फाटकावर गेली. सुट्टीवर आला तरी दारात खाट टाकून बसायचा आणि सख्ख्या मेव्हण्यालाही "कुणीकडं निघालासा?" म्हणून अडवायचा. तेव्हा पाटणच्या वरच्या अंगाला, आमच्या माळावर, पुण्याच्या मालकांनी पर्यटकांना भाड्याने द्यायला बंगला बांधला आणि रखवालीला माणूस शोधायला लागले, तर गावात दुसरं नावच निघालं नाही. मी त्याच्या भावकीतला, त्याच्याच वयाचा. लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून आम्ही ओढा पार केला आहे. माणूस सरळ. इतका सरळ की वळायचं कधी ते कळू नये.

बंगला आहे तिथे चिंचेखाली पूर्वीपासून भैरोबाच्या पालखीचा विसावा. जमीन विकताना पालखीचे मानकरी जोतिबाआण्णा यांनी मालकांकडून शब्द घेतला होता, की यात्रेच्या दिवशी पालखी आत येणार, घटकाभर टेकणार आणि जाणार. मालकांनी चिंचही तोडली नाही आणि शब्दही मोडला नाही. यात्रेला बंगला रिकामा असायचा, गेट सताड उघडं असायचं आणि लालासाहेबाची बायको मनुबाई चिंचेखाली तांब्या घेऊन उभी राहायची. पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पहिलं पाणी तिचं. लग्न होऊन आली तेव्हापासून हा तिचा मान होता.

यंदा नेमकं यात्रेतच प्रथमेश आणि अक्षता हे मुंबईचं जोडपं मुक्कामाला आलं. बंगल्यात राहायचं आणि रोज एक दिशा धरून मुलूख बघायचा, असा त्यांचा बेत. कधी कोयनेचं धरण, कधी चाफळ, कधी दातेगड. आल्या दिवशी अक्षता म्हणाली, "काका, दुपारी आम्ही जरा झोपतो. तेवढ्या वेळात कुणाला येऊ देऊ नका." बाई सहज बोलली. यानं तो हुकूम धरला. मनुबाईला आवारातली पाचोळ्याची झाडलोटसुद्धा दुपारी करू देईना. आम्ही त्याची टिंगल केली, पण इतकं काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

यात्रेच्या दुपारी पालखी माळावर आली तर गेटाला कुलूप. बाहेर मनुबाई तांब्या घेऊन उन्हात उभी. आत लालासाहेब, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. त्याने हात वर करून हलगीवाल्यांना थांबवलं.

"आण्णा, पाव्हणं झोपल्यात. जरा दमानं."

"मग उठीव की रं त्यास्नी," जोतिबाआण्णा म्हणाले.

"तसं चालत न्हाई. घटकाभर थांबा, न्हाईतर आवंदा रस्त्यालाच टेकवा."

देवापुढची हलगी अशी मध्येच गप्प झालेली मी तरी कधी पाहिली नव्हती. मनुबाई गेटाचे गज धरून म्हणाली, "आवं, कुलूप काढा. लोकं बघाय लागल्यात." हा किल्ली मुठीत आवळून उभा. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, आपण दोन्हीकडचं सांभाळतोय. आण्णांनी हाताने खूण केली आणि पालखी तिथूनच माघारी वळली. मनुबाईच्या तांब्यातलं पाणी तांब्यातच राहिलं.

हलगी अशी मध्येच थांबल्यामुळे असेल, अक्षता जागी झाली आणि धावत गेटापाशी आली. पालखी माळ उतरत होती.

"काका, आम्हाला उठवायचं ना," ती म्हणाली. "इतकं फिरतोय ते असलंच काही बघायला मिळावं म्हणून."

लालासाहेबाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने कुलूप काढून दोन्ही फाटकं उघडली आणि उगीच तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी पाहुण्यांनी देवळात न्यायचा हट्ट धरला. त्यांच्या मागे मागे हा खाली मान घालून येत होता. वाटेत मला गाठून म्हणाला, "लय वंगाळ झालं गड्या. देव काय, पुढच्या साली यील. पर मनू माझ्याकडं बघंना. मला गावात पाय टाकायची लाज वाटाय लागलीया."

"आण्णांचं पाय धर आणि मोकळा हो," मी म्हणालो.

देवळामागे पंगत बसत होती. आमच्याकडे यात्रेला पाहुण्यांनी बसायचं आणि गावच्या माणसांनी वाढायचं, जेवायचं सगळ्यांत शेवटी. आमटीची बादली वर्षानुवर्षं लालासाहेबाची. त्याने जोडप्याला पानावर बसवलं आणि आण्णांच्या पायांशी वाकला. आण्णांनी त्याला उठवलं, रागावलेही नाहीत. त्याला बरं वाटलं असावं. बाह्या सारून त्याने बादली उचलली, तोच आण्णांनी ती त्याच्या हातातून अलगद काढून घेतली.

"तुमी बसा, लालासाहेब," ते म्हणाले. लंगोटीत असल्यापासून ते त्याला लाल्या म्हणत आले होते. "पाव्हण्यांसंगं आलाय न्हवं."

बादली त्यांनी माझ्या हातात दिली. लालासाहेब अक्षताशेजारच्या पानावर मांडी घालून बसला. पलीकडे पोळ्या वाढणारी मनुबाई परातीवरून मान वर करेना. मी ओळीने वाढत त्याच्यापाशी आलो. "घे रं" म्हणणार होतो, पण आख्खी पंगत ऐकत होती. "घ्या," म्हणालो आणि पुढच्या पानाकडे सरकलो. एवढी माझीच लाज मला आजवर वाटली नव्हती.