भावोजींच्या पाठीचं दुखणं

जगात सुरू झालेली सगळी कामं मोजली, तर निम्मी आमच्या भावोजींनी सुरू केलेली निघतील. पुरी झालेली मोजू लागलात तर त्यांचं नावसुद्धा यायचं नाही. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप. तिथे पाच-सहा मोटारी कायम पोट उघडून पडलेल्या आणि भावोजी आणखी एकीचे नट सोडवताना. एकदा पाहुण्यांना गोव्याच्या गाडीत बसवायला स्कूटरवरून हातखंब्याला गेले, तिथे कुणा ट्रकवाल्याच्या इंजिनात डोकं घातलं, त्याच ट्रकमधून गप्पा मारत घरी आले आणि दाराशी स्कूटर दिसेना म्हणून पोलिसांत तक्रार द्यायला निघाले. घरच्या सत्यनारायणाला गुरुजींना आणायला धाडलं, तर सोवळ्यासकट भाट्याच्या किनाऱ्यावर होडी ढकलताना सापडले. "अडकली होती रे बिचाऱ्यांची!" आम्ही पोट धरून हसलो. माझी ताई मात्र हसली नाही. तिला त्यांच्याबरोबर नांदायचं होतं.

मग दोन हजार पाच-सहाच्या सुमारास वर्तमानपत्राच्या पुरवणीत मोठ्या माणसांच्या लक्ष न टिकण्याच्या आजारावर एक लेख आला. भावोजींनी तो शेवटपर्यंत वाचला, इथेच मला शंका यायला हवी होती. घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरून खालच्या आवाजात म्हणाले, "माझंच लिहिलंन रे हे. कोल्हापूरला येशील सोबत? कुणाला बोलू नको हां. तुझ्या ताईला तर नाहीच." रत्नागिरीत मनाच्या डॉक्टरची पायरी चढलेला माणूस संध्याकाळपर्यंत गावभर होतो, म्हणून ही घाटापलीकडची वारी. घरी मात्र मणक्याच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं.

डॉक्टरबाई वयाने लहान. "हे पोरांचं असतं ना?" भावोजींनी मान खाली घालून विचारलं. "पोरं मोठी होतात काका, तसं हेही होतं," त्या म्हणाल्या. रक्तदाब, हृदय तपासून त्यांनी समजावलं: औषधं दोन, त्यातलं एक निवडायचं; एक गोळी सकाळी घेतली की दिवस निभतो, दुसऱ्या औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, पण नुसत्या गोळीने भागायचं नाही, दर महिन्याला येऊन बोलायचं, एका वेळी एकच काम हाती घ्यायचं, ते घरच्यांच्या मदतीने अंगवळणी पाडायचं. घरच्यांचं नाव निघताच भावोजी खिडकीबाहेर बघू लागले. पहिली गोळी ठरली.

खोटं पचावं म्हणून त्यांनी कंबरेचा पट्टा घेतला. शेजारच्या काकूंनी आपुलकीने तेल पाठवलं आणि ताई रोज रात्री ती धडधाकट पाठ चोळू लागली. भावोजी पालथे पडून शरमेने उशीत तोंड खुपसायचे. ताईला वाटायचं, कळा येताहेत.

बिंग फोडलं सुरमईने. गोळीने भूक मेली होती आणि ताटात तुकडी तशीच राहिली. ताईने नुसतं पाहिलं, तशी भावोजींनी सगळं सांगून टाकलं, गोळीसकट. "मग पाठ?" ताईने विचारलं. "बरी आहे." तिने तेलाची बाटली उचलून फडताळात ठेवली. मग म्हणाली, "गोळी चुकवू नका."

मला वाटलं, सुटले एकदाचे. पण महिन्याभराने वर्कशॉपात गेलो, तर एकच मोटार उघडी आणि भावोजींचा चेहरा पडलेला. "लक्ष लागतंय रे आता. म्हणून कळलं. तुझी ताई माझ्याशी दोन-तीन शब्दांच्या वर बोलतच नाही. मीठ आणा. दिवा घालवा. आधी किती बोलायची! मी ऐकलंच नाही, तर ती तरी काय करेल?" लाज मी पुष्कळांची पाहिली आहे, पण अशी नाही. त्यांना गोळीची लाज राहिली नव्हती. त्याआधीच्या सगळ्या वर्षांची वाटत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या पडवीत बसलो होतो. ताई काजू सोलता सोलता मला म्हणाली, "अरे, आपली ती मालगुंडची आत्या, ती एकदा होडीतून पडली होती ना..." आणि भावोजी येऊन शेजारी बसताच सवयीने थांबली.

"मग? पुढे काय झालं गो?" भावोजींनी विचारलं.

ताई गोंधळली. आठवून बघितलं तिने. "पुढचं नाही बाई आठवत," ती म्हणाली, "कोणी विचारतच नव्हतं."

भावोजींनी मान खाली घातली. पण उठले मात्र नाहीत.