दोन बाजू आणि भलताच कोन

सिहोऱ्याजवळच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. कायम होण्यासाठी तपासणीचा शेरा चांगला हवा, आणि तपासणीला येणारे शिक्षणाधिकारी साहेब नेमके माझ्या नववीच्या भूमितीच्या तासाला बसणार, हे कळल्यापासून मी दिसेल त्याला साहेब काय विचारतात ते विचारत होते. थोरले सर म्हणाले, "कायले घाबरून राहिल्या मॅडम? साहेब मागं बसते, चहा पेते अन् जाते."

पण मला स्वस्थ बसवतंय थोडंच! पुस्तकातलं उदाहरण घेतलं तर पाठ करून घेतलंय असं साहेबांना वाटेल, म्हणून एकरूप त्रिकोणांचं उदाहरण मी स्वतःच रचलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

साहेब शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर दोन त्रिकोण काढले, दोन-दोन बाजू सारख्या असल्याच्या खुणा केल्या, एकेका कोनात कंस काढला आणि विचारलं, "कोणती कसोटी?"

"बाकोबा!" वर्ग एका सुरात ओरडला. बाजू, कोन, बाजू. या कसोट्या आम्ही पाढ्यांसारख्या घोकल्या होत्या. मी सिद्धता लिहीत सुटले.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरतात. एरवी ती हजेरीसुद्धा हळूच देते.

"मॅडम, तो कोन दोन बाजूंच्या मंधातला नाही ना." तिने बाकावर पेन तिरपा धरला आणि त्याचं टोक एकदा अलीकडे, एकदा पलीकडे टेकवलं. "ही बाजू इकडंबी टेकते अन् तिकडंबी टेकते. मंग दोन येगळे त्रिकोण होते."

मी फळ्याकडे पाहिलं. तिचं खरं होतं. बाकोबाला दोन बाजूंच्या मधलाच कोन लागतो, मी भलत्याच कोनात कंस काढला होता. मागे साहेब काहीतरी लिहीत होते.

"मधेमधे बोलू नकोस," मी तिला दटावलं. "फळ्यावर आहे तसं उतरवून घे."

ती खाली बसली. साहेबांनी शेरा दिला, 'वर्गावर नियंत्रण उत्तम.' सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी तिला उभं केलं. "काल काय म्हणत होतीस, सांग बरं सगळ्यांना."

"काही नाही मॅडम. तुमचंच बरोबर होतं."

"नाही गं, माझं चुकलं होतं." मी खडू तिच्यापुढे धरला. "ये, तू दाखव."

ती जागची हलली नाही. मग मीच फळ्यावर दुरुस्ती केली आणि मुलांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली.

मी कायम झाले. वर्ष संपेपर्यंत काहीही लिहून झालं की मी वळून तिसऱ्या बाकाकडे बघायची. तिने पुन्हा हात वर केला नाही.