शामरावमामांच्या सात बरण्या

शामरावमामा गेल्याची तार मला नागपूरला शाळेत मिळाली. मी ती घडी घालून खिशात ठेवली, उरलेला तास शिकवला आणि मगच काटोलची गाडी धरली. रडू आलं नाही, आणावंसंही वाटलं नाही. पुढे गावात शोकसभा झाली. ‘काटोलला संत्रं दाखवणारा माणूस’ असं एक वकील म्हणाले आणि टाळ्या पडल्या... शोकसभेत टाळ्या! मामांना फार आवडलं असतं.

तसं ते खोटंही नव्हतं. आमच्या लहानपणी काटोल म्हणजे कापूस. कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायला जिनाकडे जायच्या आणि गाव वर्षभर त्याच धुळीत खोकायचं. मग रेल्वे आली, संत्री थेट कलकत्त्याला जाऊ लागली आणि ज्याच्या विहिरीला जरा बरं पाणी तो पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून बाग लावायला धावला. कलमं एकट्या मामांकडे. आंबट जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटाची पट्टी बांधायची, ही विद्या ते कुणाला दाखवत नसत. कलमं मागायला आलेल्यांना ते तासभर उन्हात बसवत आणि लोक बसत. आमच्या गावाला असाच माणूस मोठा वाटतो.

माझे बाबाही बसले, सख्ख्या बहिणीचा नवरा असून. आमचं सगळं रान त्यांनी मामांच्या शब्दावर कलमांखाली घातलं. दोन वर्षांत झाडं माणसाच्या वर गेली, पण अंगभर काटे.

“शामराव, इतके काटे काहून येऊन राहिले जी?” बाबांनी विचारलं.

“जोम आहे झाडात. तुमाले कापसाशिवाय काही समजते का?”

आम्ही आणखी तीन वर्षं पाणी घातलं. पहिलं फळ बाबांनी देवापुढे ठेवलं, मग सोलून आईला दिलं... आईचे डोळे मिटले ते आंबटपणानं. जंबेरी! त्या साली मामांकडून कलमं नेलेल्या प्रत्येकाच्या बागेत जंबेरीच निघाली. मागणी वाढली, संत्र्याचे डोळे कमी पडले, तेव्हा या गृहस्थांनी नुसत्या रोपांना पट्ट्या बांधून कलमं म्हणून खपवली होती. वर प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं, “तुम्ही पाणी चुकवलं, डोळा जळाला, खालची जंबेरीच वाढली.” गावानं तेही मुकाट मान्य केलं. बाबांनी तर मनापासून. आई समजावून थकली. “मेहुणा काहून फसवंन वं?” एवढंच ते म्हणायचे. दोन झाडं ठेवून बाकीची त्यांनी स्वतः तोडली आणि ती चूक आपलीच समजून चार वर्षांनी गेले. त्यांच्या हयातीत मामांनी एकदा येऊन ‘चूक माझी होती’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मामा आले ते तेराव्याला, जेवायला.

आई भावाशी भांडली नाही. बाग तोडली त्या सालापासून ती उरलेल्या दोन झाडांच्या जंबेऱ्यांचं लोणचं घालायची आणि एक बरणी भावाकडे पाठवायची. मामांचा निरोप यायचा, “लोणचं झकास!” बरणी मात्र कधी परत यायची नाही. या उन्हाळ्यात मी सातवी बरणी घेऊन गेलो, तीच आमची शेवटची भेट. मामा आरामखुर्चीत हलत म्हणाले, “बाईले सांग, औंदा मीठ कमी टाकलं तरी चालंन.” त्या माणसाची मला किळस आली.

पितृपक्षाच्या तोंडावर मामींनी बंडीतून आमच्या बरण्या परत पाठवल्या. सातही. आईनं पहिली उचलली आणि तिच्या हाताला ओझं लागलं. सगळ्या भरलेल्या. फडक्यांवर आईनं मारलेल्या गाठीसुद्धा तशाच. बंडीवाल्याजवळ मामींचा निरोप होता: “ते खातही नव्हते, फेकूही देत नव्हते. फळीवर मांडून ठेवत.”

म्हणजे मामांना सगळं ठाऊक होतं! आता तरी मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली नाही. सात बरण्या मांडायला जागा होती, आमच्या घरापर्यंत चार पावलं चालायला पाय नव्हते. मीठ कमी टाका म्हणे!

बाबांच्या पित्राच्या दिवशी आईनं सगळ्यात जुनी बरणी उघडली. लोणचं काळंभोर मुरलं होतं. बाबांच्या पानावर डाव्या बाजूला तिनं एक फोड वाढली, पदर सावरला आणि पानाकडे बघत म्हणाली, “तुमचं पाणी देनं चुकलं नव्हतं जी.”