आईच्या आजीचं लग्न

माझ्या पणजीचं लग्न झालं होतं की नव्हतं, हे शोधायला मी आयर्लंडमधल्या चर्चची जुनी रजिस्टरं उपसत होते. तेही आखातातल्या अल ऐनच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. वर्षभरापूर्वी कोणी असं सांगितलं असतं तर मीच खोखो हसले असते. पण आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं. तिचं वय बघून डॉक्टर नुसतेच ‘इन्शाल्ला’ म्हणत होते. आणि आईने एकच धोशा लावला होता, “जायच्या आधी मला कळू दे. आजीचं लग्न झालं होतं का?”

ही आजी देवळालीच्या छावणीजवळची. तिने तिथल्या एका आयरिश सैनिकाशी संसार थाटला. त्यांना एक मुलगी झाली, ती माझ्या आईची आई. तिचे घारे डोळे बघून लोक तिला कोकणस्थ समजायचे आणि आमच्या घरानेही तो गैरसमज मोठ्या प्रेमाने जपला. पलटण हलली तसा तो सैनिक गेला, तो गेलाच. पणजी मात्र मरेपर्यंत ठसठशीत कुंकू लावत राहिली. “चर्चात लग्न लागलंय माझं,” म्हणायची. गावाने ते कधीच मानलं नाही. ती गेली तेव्हा आई परकर-पोलक्यातली पोर होती. सवाष्णीला उचलायच्या आधी तिच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. बायका जमल्या, आणि त्यातल्या एकीने विचारलं, “कुणाची सवाष्ण ही?” बस. पणजीला कोऱ्या कपाळाने नेलं. एवढं सांगून आई उठून कामाला लागायची.

देवळालीच्या चर्चला मी ईमेल केली. उत्तर सभ्य होतं, पण लग्नाच्या रजिस्टरातली नेमकी तेवढ्या वर्षांची पानंच नव्हती. मग दुधाची तहान ताकावर. निदान आयर्लंडमध्ये त्याची बायको नव्हती, एवढं तरी सिद्ध करू. तो बिनलग्नाचा होता, म्हणजे इथे रीतसर लग्न केलं असणारच, अशी मी माझी समजूत घातली होती. बुडत्याला काडीचा आधार लागतो, तो बळकट आहे का हे तो विचारत नाही.

हाताशी त्याचं नाव होतं, त्याच्या बापाचं नाव होतं आणि गाव होतं. पणजीने हे तिन्ही लेकीकडून शुभंकरोतीसारखं पाठ करून घेतलं होतं, आणि लेकीने आईकडून. गावाचं नाव आमच्या तोंडी ‘बाळी’ने सुरू व्हायचं. लहानपणी मला ते कानातल्या बाळ्यांचं गाव वाटे. आता कळलं की आयर्लंडमधली निम्मी गावं ‘बॅली’नेच सुरू होतात. घ्या!

शाळेत शिकवून आले की मी बसायचे. तिरकं, पुसट, लॅटिनमधलं अक्षर वाचून डोळ्यांपुढे मुंग्या यायच्या. मुलगी जाता-येता म्हणायची, “मॉम, ही इज डेड. व्हाय डज इट मॅटर?” मी तिच्यावर खेकसायचे. कारण पलीकडच्या खोलीत आई धापा टाकत झोपलेली असायची, आणि माझ्याने दुसरं काही होत नव्हतं.

शेवटी गाव सापडलं. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली, बापाचं नाव जुळलं. पुढे त्याच गावात दोन बाळांचे बाप्तिस्मे होते आणि बाप म्हणून हेच नाव होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण आईच्या रकान्यात दुसरंच आडनाव होतं. नवरा-बायको असती तर आडनाव एक असतं ना! आपल्याकडे तर बोहल्यावरच बाईचं नाव-आडनाव सगळं बदलून टाकतात. म्हणजे हा कोणी भलताच. शिवाय त्या गावात आमच्या माणसाच्या लग्नाची नोंदच नव्हती. मी नाचतच आईच्या खोलीत गेले. “आई, बिनलग्नाचा होता गं!” आईने लगेच नाशिकच्या मावशीला फोन लावला.

आमच्या शाळेत एक आयरिश शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या फुशारकीने तिला ती पानं दाखवली. ती हळूच म्हणाली की बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव लिहितात, नेहमीच. आणि लग्न बहुतेक मुलीच्या गावच्या चर्चमध्ये लागायचं.

मुलीच्या गावी! हे तरी मला सुचायला हवं होतं. मी शेजारच्या गावाचं रजिस्टर उघडलं. नवऱ्याचं नाव तेच. बापाचं नाव तेच. गाव तेच. धंदा, सैनिक. तारीख माझ्या आजीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. देवळालीला येण्याआधीच त्याचा संसार होता.

ऑपरेशनच्या दिवशी मी खोटं बोलायचं ठरवूनच हॉस्पिटलात गेले. मुलीचाही तोच सल्ला होता, “जस्ट से येस, मॉम.” पण आईने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. तिने माझा चेहरा बघितला आणि चष्मा मागितला. “कागद दाखव.” मी फोन पुढे केला.

तिने सावकाश वाचलं. “ही बाई कोण?”

“त्याची बायको. तिकडची.”

“म्हणजे आमच्या गावच्या बायका खऱ्या ठरल्या.”

“खऱ्या कसल्या डोंबलाच्या!” मी किंचाळलेच. “फसवलं त्याने. तिने काय केलं होतं?” मला रडू आवरेना. केरळची नर्स धावत आली. “मॅडम, धीरे. माँजी का बीपी बढ़ जाएगा.”

आईने फोन परत माझ्या हातात दिला. तिला धाप लागली होती, पण आवाज शांत होता.

“हा कागद मला आजीसाठी नकोच होता गं, माझ्यासाठी हवा होता,” ती म्हणाली. “बायका मागे सरल्या तेव्हा तिच्या उशाशी मीच उभी होते. कुंकवाचा करंडा माझ्याच हातात होता. मी लावलं असतं तर पोरीचा हात कोण अडवणार होतं? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी झाकण लावलं.”