शहाळ्याचं पाणी

पक्षाघाताने आईचा उजवा हात, बोलणं आणि गिळणं एकदमच नेलं. सातपाटीत मासळीची टोपली घेऊन बसायची तेव्हा तिचा आवाज धक्क्यावर ऐकू जायचा. आता नुसतं ‘ब… ब…’ उरलं होतं.

पालघरच्या सरकारी रुग्णालयात वाचा आणि गिळण्यावर उपचार करणाऱ्या मॅडम गुरुवारी यायच्या, तेव्हा मी आईला घरून घेऊन जायचो. त्यांनी बजावलं होतं, “पातळ काही नको. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं, चमच्याने. नाहीतर ते फुप्फुसात उतरेल. ठसकाही लागणार नाही, तुम्हाला कळणारही नाही.”

आईला ते बुळबुळीत पाणी आवडत नसे. तरी हळूहळू ती मऊ भात गिळू लागली. मॅडम म्हणाल्या, “आता लवकरच साधं पाणी देऊन बघू.” आई अर्ध्या तोंडाने हसली.

त्याच आठवड्यात चिंचणीची मावशी शहाळी घेऊन घरी आली. आमच्यात आजाऱ्यासाठी आणलेलं आणणाऱ्यानेच भरवायचं असतं. नको म्हटलं तर नातं तुटतं.

“मावशी, तिला पातळ चालत नाही.”

“शहालं नाय चालत? बालंतिणीला चालतं, न् माज्या बयनीला नाय?” दारात शेजारणी जमल्या होत्या. “बोयसरच्या कंपनीत सायेब झाला, आता आमच्या हातचं पानी बाटलं काय रं?”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. आईला उशीला टेकवून मीच बसवलं.

ती डोळे मिटून घटाघटा प्यायली. खोकली नाही. मला वाटलं, निभावलं.

दोन दिवसांत ताप चढला, धाप लागली. रुग्णालयात तिच्या नाकातून पोटात अन्नाची नळी घातली. मॅडमनी विचारलं, “पातळ काही दिलं होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

पायथ्याशी बसलेली मावशी कडाडली, “ह्याच बाईनं पान्यावाचून सुकवली माज्या बयनीला!” मी तिला थांबवलं नाही. मॅडमनी, काय हवं ते बोटाने दाखवायचा चित्रांचा तक्ता आईपुढे धरला. आईने डाव्या हाताचं बोट पाण्याच्या पेल्यावर ठेवलं आणि तिथून हलवलंच नाही.

“आता तोंडाने देता येणार नाही,” मॅडम मला म्हणाल्या. “आईंना तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली.

आई आता घरी आहे, नळी तशीच आहे. मावशी येते, मॅडमना शिव्या घालते आणि माझ्यासाठी शहाळं फोडते. “तू तरी पी रं. किती वालला हायस.”

आईसमोर बसून मी ते पितो.